तीनदा रंगवलेलं तळघर

ताईने तळघराचे फोटो पाठवले तेव्हा तिसरा रंग सुटायला लागला होता. तो लावून जेमतेम सात महिने झाले होते. पहिल्या खेपेला डिस्टेंपर, दुसऱ्या खेपेला ऑइल पेंट आणि तिसऱ्या खेपेला डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलेला, रबरासारखा जाड थर बसवणारा रंग. तिन्ही गेले, पण प्रत्येकाची जाण्याची तऱ्हा वेगळी होती. डिस्टेंपर पिठासारखा हाताला लागायचा, ऑइल पेंटचे खवले पडले आणि तिसऱ्याला तळहाताएवढे फुगे आले. त्यातला एक ताईने टाचणीने टोचला तेव्हा आतून पाणी ओघळलं. फोटोंखाली तिने एवढंच लिहिलं होतं: ‘आता चौथा कोणता लावू?’

जुन्या घरांच्या डागडुजीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि हा प्रश्न याच शब्दांत मला अनेकांनी विचारला आहे. तळघर ओलं दिसलं की माणूस आधी रंगाचा डबा शोधतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण डोळ्यांना बिघडलेला दिसतो तो रंगच. मी ताईला कळवलं की वर्षभर कोणताच रंग लावू नकोस. तिला ते रुचलं नाही. त्या वर्षात काय केलं, माझं काय चुकलं आणि शेवटी भिंतींवर काय चढलं, ते सगळं इथे मांडतो.

घर

घर शंभराहून जास्त वर्षांचं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं असलं तरी घरोघरच्या गवंडीकामात ते रुळायला पुढे बरीच दशकं गेली. हे घर बांधणाऱ्यांच्या हाताशी चुनाच होता. तळघराच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या भिंती दगडी, 60 सेंटिमीटर जाड; दोन खोल्यांमधली भिंत विटांची, 35 सेंटिमीटरची. दोन्ही खोल्या मिळून सात मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच. वर, बाहेरच्या जमिनीच्या पातळीला दोन झरोके. खाली मातीवर बसवलेली दगडी फरशी.

पायातून वर चढणारी ओल अडवणारा थर अशा भिंतींत नसतो. तरीही ही घरं टिकली, कारण भिंतीत जेवढं पाणी शिरायचं तेवढं चुन्याच्या गिलाव्यातून, चुन्याच्या दरजांतून वाफ होऊन निघून जायचं. आवक आणि जावक यांचा मेळ बसलेला होता. आमच्या तळघरात तो मेळ दोन ठिकाणी मोडला होता. आतून कुणीतरी कधीतरी सव्वा मीटर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवून जावक बंद केली होती. त्यावर तीन रंगांचे थर बसले होते. आणि बाहेर आवक वाढली होती, ती कशी ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी मी विजेरी घेऊन तळघरात दोन तास नुसता बसलो. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाकला की फुगवटे, खवले, क्षारांची बारीक लव, सगळं सावलीत उठून दिसतं. समोरून दिवा धरला तर यातलं निम्मंही दिसत नाही. त्या दोन तासांतली सर्वांत मोलाची गोष्ट जिन्याखाली सापडली. तिथे हात नीट पोचत नाही म्हणून ना कुणी सिमेंट लावलं होतं, ना रंग. मूळचा चुन्याचा गिलावा तिथे शाबूत होता. वाजवून पाहिला तर आवाज भरीव येत होता. मळका होता, पण कोरडा होता. ती पश्चिमेची भिंत. तिच्या बाहेरची जमीन घरापासून दूर उतरते, त्यामुळे तिच्यावर पाण्याचा भारही कमी. तरीही ज्या जागेला कुणी हात लावला नाही ती जागा घरातली सर्वांत चांगली होती, हे ताईला दाखवल्यावर तिचा चौथ्या रंगाचा आग्रह जरा सैल झाला.

कोणती भिंत कशाने ओली

याआधी पाहणीला आलेल्या एका ठेकेदाराने दोन टोकं टेकवण्याचं विजेचं ओलमापक भिंतीला लावलं होतं. काटा शेवटपर्यंत गेला आणि ‘चारही भिंती पाण्याने भरल्यात’ असं सांगून तो सगळीकडे एकच उपाय सुचवून गेला. हे यंत्र भिंतीतून वीज किती सहज वाहते ते मोजतं. भिंतीत क्षार असले की थोड्याशा ओलीतही वीज सहज वाहते आणि यंत्र फार मोठा आकडा दाखवतं. जुन्या तळघरात या यंत्राचा उपयोग एवढाच, की एका जागेची तुलना दुसऱ्या जागेशी करावी. त्याच्या आकड्यावरून उपाय ठरवू नये.

मी आधी प्लॅस्टिकचे चौकोन लावले. साधारण 45 सेंटिमीटरचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि दोन दिवस थांबायचं. त्यासाठी जागा उघडी हवी, म्हणून रंग तेवढ्यापुरता खरवडला. दोन दिवसांनी पूर्वेच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब होते. पाणी भिंतीतून येत होतं. उत्तरेच्या भिंतीवर थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला होते. तिथे पाणी हवेतून येऊन थंड पृष्ठभागावर जमत होतं. एकाच खोलीतल्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या या दोन भिंती. दोन्ही ओल्या आणि दोघींची कारणं अगदी उलट.

मधल्या विटांच्या भिंतीने मात्र मला फसवलं. तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत, माती कुठेच नाही. म्हणजे बाहेरून झिरपायचा प्रश्न नाही, पायातून चढणारी ओल असावी असं मी धरून चाललो. काही अंशी ते खरंही होतं. सिमेंटच्या गिलाव्याच्या वरच्या कडेला, जमिनीपासून सव्वा मीटरवर, पिवळट-पांढरा आडवा पट्टा दिसत होता. विटांतून चढलेल्या पाण्याला सिमेंटमधून बाहेर पडता येईना, म्हणून ते सिमेंट संपेपर्यंत चढत गेलं आणि तिथे निघालं. सोबत आणलेला क्षार त्याने तिथेच टाकला. यालाच लोणा लागणं म्हणतात. पण त्याच भिंतीच्या मधोमध एक ठिगळ होतं, दाराएवढ्या रुंदीचं. ते फरशीपासून सुरूही होत नव्हतं आणि पाऊस नसतानाही, फक्त आभाळ भरून हवा दमट झाली की काळवंडायचं. दोन कोरडे दिवस गेले की पुन्हा फिकट.

ताईच्या सासूबाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या लहानपणी त्या भिंतीला टेकवून मिठाची पोती रचलेली असत. कितीतरी वर्षं.

मिठाचं एक गणित आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. आर्द्रता उतरली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. इतर क्षार मिसळलेले असले तर हे याहून कमी आर्द्रतेलाही होतं. स्फटिक विटेच्या छिद्रांत तयार होताना छिद्राच्या भिंतींना रेटतात. हे वर्षात कित्येकदा घडलं की विटेचा आणि गिलाव्याचा भुगा होतो. म्हणजे त्या ठिगळात पाणी पाठवणारं कुणीच नव्हतं; भिंतच हवेतून पाणी पीत होती.

अंदाजावर एवढं मोठं काम काढायचं नव्हतं म्हणून मी एक जुनी, सोपी चाचणी केली. भिंतीला हळू गतीने भोक पाडून भुकटी गोळा केली: ठिगळातून, पूर्वेच्या भिंतीतून आणि जिन्याखालून. प्रत्येक नमुना वजन करून 105 अंशांवर पूर्ण सुकवला आणि परत वजन केलं. मग सुकलेले नमुने एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. डब्याच्या तळाशी मिठाचं संपृक्त पाणी होतं, तळाला न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं. अशा बंद डब्यातली हवा आपोआप 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेवर स्थिरावते. आठवडाभराने तिसऱ्यांदा वजन केलं. जिन्याखालच्या आणि पूर्वेच्या नमुन्यांच्या वजनात नावापुरता फरक होता. ठिगळातल्या भुकटीने मात्र सुकताना गमावलेलं वजन जवळजवळ सगळं परत मिळवलं होतं, तेही केवळ हवेतून. मिठातला क्लोराइड हा घटक तपासायच्या पट्टीनेही तेच सांगितलं.

म्हणजे पूर्वेची भिंत पावसाच्या पाण्याने ओली, उत्तरेची हवेतल्या वाफेने, मधली मिठाने आणि खालून चढणाऱ्या ओलीने. पश्चिमेची बरी. या चारही भिंतींवर एकच वॉटरप्रूफ रंग लावला गेला होता, आणि तो तिन्ही ठिकाणी तीन कारणांनी गेला.

बाहेरचं काम

पूर्वेच्या भिंतीचं कारण पावसात बाहेर उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळलं. छपराच्या पन्हळीचं सगळं पाणी एकाच उभ्या नळातून खाली येत होतं आणि तो नळ भिंतीपासून वीतभर अंतरावर जमिनीत संपत होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या नळाकडे उतरणारं छप्पर 45 चौरस मीटरचं; 20 मिलिमीटरची एक सर आली की 900 लिटर पाणी भिंतीच्या बुडाशी ओतलं जायचं. शिवाय भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा उंचावलेला होता आणि त्यापुढची काँक्रीटची पट्टी खचून घराच्या दिशेला कलली होती. त्यामुळे उरलेलं पाणीही भिंतीकडेच यायचं.

बाहेरून येणारं पाणी आतल्या रंगाने थोपवायचा प्रयत्न का फसतो, ते इथे स्पष्ट दिसतं. बाहेरून लावलेला थर पाणी भिंतीवर दाबून बसवतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी भिंतीपासून सोडवतं. ताईने टोचलेला फुगा त्याचीच खूण होती.

वाफा काढला. काँक्रीटची पट्टी फोडली. नळ पुढे वाढवून पाणी घरापासून चार मीटर दूरच्या शोषखड्ड्यात सोडलं. जमिनीला उतार दिला, पहिल्या तीन मीटरांत 15 सेंटिमीटर. भिंतीलगत 60 सेंटिमीटर खोल चर खणून त्यात खडी भरली, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही हवा लागेल. चर खणताना एका वेळी मीटरभर लांबीचाच तुकडा उघडला आणि तो भरल्यावरच पुढचा घेतला. जुन्या भिंतीच्या शेजारची माती तिला आधार देत असते. सगळी लांबी एकदम उघडली, किंवा पायाच्या खाली गेलं, तर भिंत सरकू शकते. 60 सेंटिमीटरहून खोल जायचं असेल तर इमारतीच्या इंजिनीअरला विचारल्याशिवाय फावडं उचलू नये.

आणखी एक शंका फेडून घ्यायची होती. भूजलच फरशीच्या वर येत असेल तर हे सगळे उपाय अपुरे. पाण्याची पातळी फरशीच्या वर 30 सेंटिमीटर आली तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून 300 किलोचा रेटा बसतो. तो कोणताही रंग सोसत नाही. मग भिंतीसमोर छोटे उठाव असलेल्या प्लॅस्टिकचा पडदा लावून त्यामागून येणारं पाणी नाल्यात आणि पंपाच्या खड्ड्यात घ्यावं लागतं. घरापासून थोड्या अंतरावर तळघराच्या फरशीहून खोल भोक पाडून त्यात नळी बसवली आणि पावसाच्या दिवसांत पातळी पाहत राहिलो. पाणी फरशीपर्यंत कधी आलं नाही. ती वेळ आली असती तर हे प्रकरण वेगळं झालं असतं.

एवढं केल्यावर पूर्वेची भिंत आतून काहीही न लावता सुकू लागली. पुढच्या जोरदार पावसात तळाच्या दरजेतून येणारी धार आली नाही.

माझी चूक

उत्तरेच्या भिंतीबद्दल मी ताईला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की दोन्ही झरोके उघडे ठेव, पंखा लाव, हवा खेळती राहू दे. सगळेच हे सांगतात. दिवस उकाड्याचे आणि दमट होते. तीन आठवड्यांनी ताईने कळवलं की कोपऱ्यातली काळी बुरशी हातभर पसरली आहे आणि भिंतीला घाम सुटतो आहे.

मी आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. आत एक आणि बाहेर एक असे दोन आर्द्रतामापक ठेवले. बाहेर 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता होती. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये 21 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. उत्तरेची भिंत 21 अंशांवर होती, आणि त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त 18 ग्रॅमच वाफ धरू शकते. जास्तीची वाफ भिंतीवर पाणी होऊन बसणारच. तळघरातली हवा एकदा पूर्ण बदलली की वरच्या हिशोबाने दोनशे ग्रॅमपर्यंत पाणी आत यायचं, आणि पंखा रात्रंदिवस चालू होता. माझ्या सल्ल्याने मी त्या भिंतीला पाणी पाजत होतो. बुरशी वाढली ती माझ्यामुळे, हे मी ताईला तसंच सांगितलं.

नवा नियम आम्ही ठरवला तो असा: बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, भिंतीच्या तापमानापेक्षा निदान दोन-तीन अंश कमी असेल तेव्हाच झरोके उघडायचे. दमट दिवसांत हे बहुधा पहाटे किंवा मुळीच नाही. थंड, कोरड्या दिवसांत खुशाल दिवसभर. तापमान आणि आर्द्रता यांवरून दवबिंदू सांगणारा छापील तक्ता जिन्याच्या दारावर लावला. दमट महिन्यांत झरोके बंद आणि हवा कोरडी करणारं यंत्र चालू. यंत्र 65 टक्क्यांवर लावलं, त्याखाली नाही. फार वेगाने सुकवलं तर पाणी क्षारांना जोरात ओढत पृष्ठभागाशी आणतं आणि गिलावा फुटतो.

भिंतीला चिकटून रचलेल्या पेट्या दहा सेंटिमीटर पुढे ओढल्या. त्यांच्या मागे हवा हलत नव्हती आणि बुरशीचा उगम तिथेच होता. भिंतीच्या पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, त्यामुळे पुसून टाकलेली बुरशी परत आली तर पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आम्ही मुखपट्टी आणि हातमोजे घालून ती ओल्या कापडाने, साबणाच्या पाण्याने काढली. कोरडी खरवडली असती तर घरभर उडाली असती.

खरवडणं आणि थांबणं

सिमेंटचा गिलावा काढायला एक वयस्क गवंडी आले होते. त्यांनी ड्रिलचं यंत्र बाजूला ठेवायला लावलं आणि छिन्नी-हातोडा घेतला. यंत्राच्या धक्क्याने विटेचा चेहराच सिमेंटबरोबर निघून येतो, असं ते म्हणाले, आणि पहिल्याच चौरस मीटरमध्ये ते पटलं. चार दिवस लागले. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कुठेही कोरडा पॉलिशकागद चालवला नाही. रंग ओला करून खरवडला, कचरा पिशव्यांत बंद केला आणि त्या काळात मुलांना खाली येऊ दिलं नाही.

मधल्या भिंतीवरचा लोणा मात्र कोरडाच झाडायचा असतो. पाण्याने धुतलं तर तो विरघळून परत विटेत शिरतो. मऊ ब्रशने झाडून, खाली कागद धरून, तो घराबाहेर टाकला. मिठाच्या ठिगळावर कागदाचा लगदा क्षारविरहित पाण्यात भिजवून बोटभर जाड थापला आणि सुकू दिला. लगदा सुकताना विटेतलं खारं पाणी स्वतःत ओढतो आणि मीठ त्यात उतरतं. सुकलेला लगदा काढून तीनदा हे केलं. दुसऱ्या खेपेच्या लगद्यात पहिल्याहून कमी क्षार आला, तिसऱ्यात त्याहून कमी. सगळा निघणार नाही हे माहीत होतं. कित्येक वर्षांचं मीठ तीन लगद्यांत निघत नाही.

मग थांबलो. भिंतीच्या जाडीच्या दर 25 मिलिमीटरला सुकायला साधारण महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने 35 सेंटिमीटरच्या विटांच्या भिंतीला वर्षाहून जास्त आणि 60 सेंटिमीटरच्या दगडी भिंतीला दोन वर्षं. पूर्ण सुकेपर्यंत थांबणं कुणालाच जमत नाही, आणि चुन्याचं काम करायचं असेल तर तशी गरजही नाही, कारण चुन्यामागून भिंत सुकत राहते. आम्ही कोरड्या हंगामाचे पाच महिने भिंती उघड्या ठेवल्या. मला विचाराल तर सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच होतं, आणि सर्वांत अवघडही. विटा उघड्या पडलेलं तळघर रोज बघणं घरच्यांना जड जातं.

फरशीला आम्ही फारसं काही केलं नाही. तिच्यावर अंथरलेलं प्लॅस्टिकचं जाजम काढलं, एवढंच. वरून काँक्रीट ओतायचा विचार घरात निघाला होता, तो मी मोडून काढला: फरशीतून वाफ होऊन निघणारी ओल बंद केली की ती कडेला सरकते आणि भिंती चढते.

गिलावा आणि रंग

दरजा खरवडून चुन्याने भरल्या. त्यावर एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू असा गिलावा, प्रत्येक थर सेंटिमीटरभर. चुना सुकून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. म्हणून रोज फवारणी केली, ओलं गोणपाट टांगलं. घाईने सुकला असता तर भुसभुशीत राहिला असता.

मिठाच्या ठिगळावर लावलेला गिलावा मुद्दाम दुबळा आणि सच्छिद्र ठेवला, वाळू जास्त असलेला. उरलेलं मीठ त्यात येऊन बसावं, वीट वाचावी आणि काही वर्षांनी तेवढाच भाग खरवडून नवा करावा, अशी योजना. हा गिलावा झिजण्यासाठीच लावलेला आहे. ताईला हे समजावताना वेळ लागला. खराब होणार हे ठाऊक असून पैसे आणि श्रम का घालायचे, असं तिचं म्हणणं. पण तिथे टणक गिलावा लावला तर झीज विटेची होणार, आणि वीट बदलणं फार मोठं काम.

रंग म्हणून चुन्याची सफेदी लावली. भिजवून मुरवलेला चुना पाण्यात दुधासारखा पातळ केला, बारीक कापडातून गाळला. भिंत आधी फवाऱ्याने दमट केली, म्हणजे ती सफेदीतलं पाणी एकदम शोषणार नाही. कुंच्याने उभे-आडवे, अगदी पातळ हात. पहिला हात लावल्यावर ताई म्हणाली, “अरे, काहीच दिसत नाहीये.” ओली सफेदी जवळजवळ पारदर्शक असते आणि सुकत जाईल तशी पांढरी होते, दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच खाली जाऊन बघून आली. जाड हात मारायचा मोह इथे आवरायला हवा. जाड सफेदीला भेगा पडतात आणि ती पापुद्र्यासारखी सुटते. दोन हातांमध्ये एक दिवस सोडून पाच हात दिले. उत्तरेच्या कोपऱ्यासाठी तर हे सर्वांत योग्य होतं: ताज्या चुन्याचा सामू (pH) 12च्या वर असतो आणि त्यात बुरशी तगत नाही. हा गुण भिंतीवरचा चुना दगड होत जाईल तसा ओसरतो, त्यामुळे भरवसा शेवटी हवा कोरडी ठेवण्यावरच.

डोळे झाकणारा संरक्षक चष्मा न घालता सफेदी करू नये. डोक्याच्या वर कुंचा फिरवताना एक थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. गवंडी चष्म्याला तयार नव्हते, पण मी तो घातल्याशिवाय त्यांना काम सुरू करू दिलं नाही.

पूर्वेच्या दगडी भिंतीसाठी ताईला थोडा उबदार रंग हवा होता. सफेदीत पिवळी माती आणि लोहाचे रंग टिकतात. बाकीचे बरेच रंग चुन्याच्या तीव्रतेने उडतात. शेवटच्या दोन हातांत पिवळी माती मिसळली. सिलिकेटचा रंगही दगडावर चालला असता, तोही वाफ जाऊ देतो. मी तो सुचवला नाही, कारण तो जुन्या रंगाच्या पापुद्र्यावर धरत नाही आणि दगडांच्या खाचांत ऑइल पेंटचे अंश अजून अडकलेले होते.

एक वर्षानंतर

काम संपल्यावर पावसाचा पूर्ण हंगाम गेला. तेच नमुने, त्याच उंचीवरून परत काढले. पूर्वेच्या भिंतीतली ओल निम्म्याहून खाली आली आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात बुरशी नाही. दमट दिवसांत यंत्राची टाकी दोन दिवसांनी रिकामी करावी लागते. मधल्या भिंतीवरचा आडवा पट्टा परत उमटलेला नाही. त्या भिंतीतून ओल अजूनही चढते, पण आता ती फरशीपासून दीड वीत उंचीवरच वाफ होऊन निघून जाते आणि तिथे सफेदी जराशी खरखरीत होते.

ताईला या खोलीत वाचनालय करायचं होतं. मी पुस्तकांना नकार दिला आणि त्यावरून आमचं थोडं वाजलं. 65 टक्के आर्द्रता भिंतीला ठीक असली तरी यंत्र आठवडाभर बंद पडलं तर कागद आणि चामडं आधी बिघडेल. आता तिथे तिच्या सुतारकामाचा टेबल आहे, भिंतीपासून सुटा, आणि धातूची मांडणी आहे.

मिठाच्या ठिगळावर आठव्या महिन्यात लव आली, ठरल्याप्रमाणे. ताईने मऊ ब्रशने ती कागदावर झाडली, पुडी बांधून मला दाखवायला ठेवली आणि जिन्याच्या दारावरच्या तक्त्याखाली तारीख लिहिली. त्या भागाचा गिलावा अजून घट्ट आहे. तो भुसभुशीत होईल तेव्हा तेवढाच काढून पुन्हा लावायचा, त्यासाठी चाळलेल्या वाळूची एक बादली आणि झाकणबंद चुना तिथेच कोपऱ्यात ठेवला आहे.